माव्याच्या वैऱ्यांचं बारसं करणारा हॅलिडे

मंडळी, बेलफास्टजवळ होलीवुड नावाचं गाव आहे. सिनेमाचं नव्हे बरं का, ह्याच्या इंग्रजी नावात 'एल' एकच! अलेक्झांडर हेन्री हॅलिडे इथलाच. जन्म १८०६ चा, अँट्रिम काउंटीतल्या कार्नमनीचा. शिकला वकिली, पण आयुष्य घालवलं किड्यांच्या मागे. कांद्या-द्राक्षांवरच्या फुलकिड्यांच्या गणाला थायसॅनोप्टेरा हे नाव त्यानेच १८३६ मध्ये दिलं.

पण त्याचा खरा जीव परोपजीवी गांधीलमाश्यांत. ह्या जेमतेम दोन-तीन मिलिमीटरच्या, माणसाला न चावणाऱ्या. मादी जिवंत माव्याच्या पोटात अंडं घालते, अळी त्याला आतून खाते. मावा फुगून कडक होतो, मग पाठीला गोल भोक पाडून नवी माशी बाहेर!

ह्या माश्या ओळखायच्या कशा? नुसत्या रंगावर जाल तर फसाल, कारण एकाच जातीचा रंग हवामानाप्रमाणे फिका-गडद होतो. हॅलिडेने पंखांतल्या शिरांची जाळी नीट पाहून त्यांचे गट पाडले. आजचे अभ्यासकही शिरा बघतात, मिशांची पेरं मोजतात, पोटाच्या बारीक देठावरच्या रेघोट्या तपासतात.

हा नुसता हौसेचा खेळ नव्हता. १८३४ मध्ये त्याने वर्णन केलेल्या अफिडियस एर्व्हाय आणि अफिडियस मॅट्रिकॅरी ह्या दोन जाती आज काचघरांतल्या भाजीसाठी मुद्दाम वाढवून विकल्या जातात. दिसायला सख्ख्या बहिणी. पण पहिली बटाट्यावरच्या मोठ्या माव्याला उपयोगी, दुसरी पीचवरच्या लहान हिरव्या माव्याला. ओळखण्यात गफलत झाली तर पैसे जातात आणि मावा राहतो. २००२ साली सांगलीकडे उसावर लोकरी मावा आला, तेव्हा आपल्या शेतकऱ्यांनाही मित्रकीटकांचं मोल कळलंच की!

हॅलिडे पुढे इटलीत लुक्का इथे राहिला. इटलीच्या कीटकशास्त्र संस्थेच्या संस्थापकांत तो होता. १८७० मध्ये लुक्कातच वारला. त्याचा संग्रह मात्र डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

तेव्हा परसातल्या गुलाबावर किंवा मिरचीच्या कुंडीत फुगलेला, तपकिरी, न हलणारा मावा दिसला तर लगेच फवारणी करू नका. मुलांना भिंग द्या. आत हॅलिडेची एखादी माशी तयार होत असेल!