चाकांवरचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण सहज म्हणतो. एखाद्याच्या अस्थिर आयुष्याविषयीची कीव त्यात असते. मात्र अमेरिकेतील एका माणसाने हेच बिऱ्हाड पाठीवरून उतरवून चाकांवर ठेवले, त्याला अॅल्युमिनियमची चकचकीत कांती दिली आणि हजारो कुटुंबांना ते अभिमानाने मिरवायला शिकवले. त्याचे नाव वॉली बायम. मोटारीमागे जोडून नेण्याच्या 'एअरस्ट्रीम' या फिरत्या घराचे ते जनक. घर किती मोठे असावे आणि ते रस्त्यावर किती सुरक्षितपणे ओढता यावे, या दोन प्रश्नांमधील ओढाताण सोडवण्यातच त्यांचे आयुष्य गेले.

वॉलेस मेरल बायम यांचा जन्म ४ जुलै १८९६ रोजी ऑरेगन राज्यातील बेकर सिटी येथे झाला. आईवडील लवकरच विभक्त झाले. आजोबांचा खेचरांच्या तांड्यावरून मालवाहतुकीचा व्यवसाय होता. त्यांच्यासोबत हिंडताना मुलाला वाटेवरच्या मुक्कामांची सवय लागली. पुढे किशोरवयात त्यांनी मेंढपाळाचे काम केले. त्या दिवसांत त्यांचे घर म्हणजे गाढवाने ओढायची एक लहानशी दोनचाकी गाडी होती. तीत रॉकेलची शेगडी, शिधा, अंथरूण आणि धुण्याची बादली एवढाच संसार होता. रात्री निवारा, सकाळी चूल आणि कळप पुढे सरकला की घरानेही सरकायचे! बायम यांनी पुढे उभारलेल्या उद्योगाचे बीज या गाडीत होते, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

त्यानंतर काही वर्षे त्यांनी व्यापारी जहाजांवर नोकरी केली. जहाजावर जागेचा तुटवडा असतो. प्रत्येक वस्तूला ठरलेली जागा असते आणि वादळात ती हलून चालत नाही. हे शिक्षण घेऊन परतलेल्या बायम यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाची पदवी मिळवली आणि लॉस एंजेलिस गाठले. तेथे ते आधी जाहिरातीच्या आणि नंतर प्रकाशनाच्या व्यवसायात शिरले. स्वतःची नियतकालिके काढली. इथपर्यंतची कथा एका हुन्नरी, पण चारचौघांसारख्या माणसाची आहे. तिला कलाटणी दिली ती एका चुकीने.

१९२० च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या एका नियतकालिकात घरच्या घरी ट्रेलर कसा बांधावा, याचा आराखडा प्रसिद्ध झाला. वाचकांनी तो प्रमाण मानून लाकूडकाम सुरू केले आणि तक्रारींची पत्रे येऊ लागली. आराखड्याप्रमाणे ट्रेलर तयारच होत नव्हता. लेखकावर दोष ढकलून मोकळे होणे संपादकाला अवघड नव्हते. बायम यांनी मात्र तो आराखडा हाती घेऊन स्वतः ट्रेलर बांधायला घेतला. वाचक बरोबर होते, आराखडा सदोष होता.

याच सुमारास घरातूनही एक तक्रार येत होती. पत्नी मॅरियन यांना तंबूतला मुक्काम मान्य नव्हता. प्रवासातही स्वयंपाकाची नीट सोय हवी, असा त्यांचा आग्रह होता. बायम यांनी फोर्डच्या 'मॉडेल टी' मोटारीच्या सांगाड्यावर आधी तंबूसारखी रचना उभारली. पण पावसात ती उभी करणे त्रासाचे होते. मग त्यांनी थेंबाच्या आकाराचा बंदिस्त निवारा बांधला, त्यात बर्फपेटी आणि शेगडी बसवली. तो रस्त्याने जाताना लोक थांबून पाहू लागले. बायम यांनी आपल्या अनुभवावर लेख लिहिला, आराखडे विकायला सुरुवात केली आणि पाठोपाठ घरामागच्या अंगणात मागणीनुसार ट्रेलर बांधून देऊ लागले. ठोकाठोकीचा आवाज शेजाऱ्यांना असह्य झाला, तेव्हा कारखान्याची जागा शोधावी लागली. १९३१ मध्ये, जागतिक मंदी ऐन भरात असताना, त्यांनी ट्रेलर बांधणीच्या उद्योगात उडी घेतली.

त्यांची पहिली मोठी सुधारणा अगदी साधी होती. त्या काळच्या अनेक ट्रेलरमध्ये माणसाला वाकून वावरावे लागे. बायम यांनी जमीन आसाच्या पातळीपेक्षा खाली, दोन चाकांच्या मधे उतरवली आणि छत वर उचलले. गृहिणीला ताठ उभे राहून स्वयंपाक करता येऊ लागला. जमीन खाली आल्याने वजनाचा मध्यही खाली राहिला. ज्या घराला महामार्गावर वळणे घ्यायची आहेत, त्याच्या दृष्टीने ही गोष्ट मोलाची होती.

त्यापुढचा टप्पा विमानविद्येने दिला. चार्ल्स लिंडबर्ग यांनी १९२७ मध्ये ज्या विमानातून अटलांटिक ओलांडला, त्याच्या बांधणीवर देखरेख करणारे हॉली बोलस हे ग्लायडर बनवण्यात वाकबगार होते. त्यांनी १९३४ मध्ये अॅल्युमिनियमच्या पत्र्याचा, रिव्हेट ठोकून जोडलेला गोलाकार ट्रेलर तयार केला. मात्र त्याचा दरवाजा पुढच्या टोकाला, मोटारीला जोडणाऱ्या दांड्याच्या वर होता. बोलस यांचा हा व्यवसाय फार काळ चालला नाही. बायम यांनी ती कल्पना उचलली, दरवाजा बाजूला आणला आणि १९३६ मध्ये 'क्लिपर' बाजारात आणला. चौघांच्या झोपण्याची सोय, स्वतःचा पाणीसाठा आणि विजेचे दिवे असलेल्या या घराची किंमत १,२०० डॉलर होती. मंदीच्या दिवसांत ही रक्कम लहान नव्हती. तरीही मागणी पुरवता येईना.

या गोलाईमागे केवळ सौंदर्यदृष्टी नव्हती. मोटारीमागे ओढल्या जाणाऱ्या घराचे दोन शत्रू असतात : वारा आणि वजन. चौकोनी, उंच पेटी समोरचा वारा अडवते आणि इंधन खाते. बाजूने आलेला झोत तिला ढकलतो. वजनाचे गणित तर त्याहून नाजूक. सामान मागच्या बाजूला अधिक झाले, की जोडदांड्यावरचा भार हलका होतो आणि ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो. वेग वाढेल तसे हे हेलकावे वाढतात आणि अखेर ते मोटारीलाच रस्त्याबाहेर फेकू शकतात. म्हणूनच एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भार जोडदांड्यावर यावा, जड सामान खाली आणि आसाजवळ ठेवावे, ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावेत आणि ओढणाऱ्या मोटारीची क्षमता भरलेल्या घराच्या वजनाशी ताडून पाहावी, हे नियम आजही सांगितले जातात. हलके, सखल आणि गोलसर घर हे या सर्व अडचणींवरचे बायम यांचे उत्तर होते.

दुसरे महायुद्ध आले आणि अॅल्युमिनियम विमानांसाठी राखून ठेवले गेले. एअरस्ट्रीमचा कारखाना बंद पडला. बायम विमान उद्योगात नोकरीला लागले. युद्ध संपल्यावर ते पुन्हा ट्रेलरकडे वळले, ते विमानबांधणीतील नवे धडे घेऊनच. १९४७ मध्ये त्यांनी फ्रेंच सायकलपटू आल्फ्रेड लेतुर्नर याच्याकडून एअरस्ट्रीम चक्क सायकलने ओढवून घेतली. ते छायाचित्र कंपनीची ओळख बनले. ट्रेलर किती हलका आहे, हे कोणत्याही तक्त्याविना ग्राहकाला कळले.

याच काळात या धंद्यापुढे दोन वाटा फुटत होत्या. मंदीने आणि युद्धकाळातील घरटंचाईने असंख्य अमेरिकनांना ट्रेलरमध्ये कायमचे राहायला लावले होते. ज्यांना तेथेच संसार करायचा होता, त्यांना अधिक जागा हवी होती. उत्पादकांनी ती दिली. १९५४ मध्ये १० फूट रुंदीची घरे आली. ती नावापुरती फिरती होती. एकदा जागेवर नेऊन ठेवली, की सहसा तिथेच राहत. त्या बाजारपेठेत पैसा होता. बायम यांनी दुसरी वाट धरली. त्यांच्या दृष्टीने जे घर मालकाला स्वतःच्या मोटारीने कुठेही नेता येत नाही, ते फिरते घर नव्हे. मात्र हा आग्रह धरायचा, तर लहान जागेत कायमचे राहणे सुसह्य करून दाखवणे भाग होते.

त्यासाठी त्यांनी प्रयोगशाळा निवडली ती रस्त्याचीच. १९५१ मध्ये ते ट्रेलरचा तांडा घेऊन मध्य अमेरिकेच्या मोहिमेवर निघाले. निघताना ६३ ट्रेलर होते; शेवटपर्यंत टिकले अवघे १४. खराब रस्ते, खचलेले सुटे भाग आणि खचलेले सहप्रवासी यांनी मोहिमेची वाताहत केली. दुसरा एखादा उद्योजक अशा जाहिरातीला पुन्हा धजावला नसता. बायम यांनी मात्र काय मोडले आणि का मोडले, याचा विचार कारखान्यात नेला. १९५२ मध्ये ओहायोतील जॅक्सन सेंटर येथे कंपनीचा दुसरा कारखाना सुरू झाला. तांडे निघतच राहिले. १९५५ मध्ये कॅनडातील केंटव्हिल येथे सहप्रवाशांनी बायम यांच्या नावाचा क्लब स्थापन केला. चंदेरी पत्र्यावरचे ठळक लाल क्रमांक ही त्याच्या सदस्यांची खूण ठरली.

या प्रवासांतून १९५७ मध्ये 'इंटरनॅशनल' हा स्वयंपूर्ण ट्रेलर आकाराला आला. दिवे, गरम पाणी, शौचालय यांसाठी बाहेरच्या जोडणीवर अवलंबून न राहता त्यात मुक्काम करता येत होता. कायमच्या वास्तव्याच्या दृष्टीने हा बदल जागा वाढवण्यापेक्षाही मोठा होता.

१९५९ मध्ये बायम यांनी सर्वांत धाडसी मोहीम हाती घेतली. ४१ ट्रेलर आणि १०६ प्रवासी दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊनहून कैरोकडे निघाले. प्रवाशांत निवृत्त मंडळी मोठ्या संख्येने होती. चिखलात रुतलेली चाके, मोडलेल्या स्प्रिंगा आणि जिथे रस्ताच नाही अशा वाटा पार करत हा तांडा १९६० मध्ये इजिप्तला पोहोचला. पिरॅमिडच्या पायथ्याशी वर्तुळाकार उभ्या केलेल्या चंदेरी घरांचे छायाचित्र जगभर गाजले. परदेशी माणसांच्या गावात स्वतःचे घर घेऊन जावे, पण दार उघडे ठेवावे, ही बायम यांची भूमिका होती. त्याच वर्षी त्यांनी आपले अनुभव आणि सल्ले पुस्तकरूपाने मांडले.

जगप्रदक्षिणेचा बेत मात्र त्यांना पाहता आला नाही. मेंदूतील गाठीच्या आजाराने २२ जुलै १९६२ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा ते ६६ वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी त्यांच्या अनुयायांनी सिंगापूरहून तांडा हाकारला आणि तो आशिया व युरोप ओलांडून १९६४ मध्ये लिस्बनला पोहोचला. १९६९ मध्ये अपोलो-११ चे तीन अंतराळवीर चंद्रावरून परतल्यावर 'नासा'ने त्यांना विलगीकरणासाठी ज्या बंदिस्त कक्षात ठेवले, तो एअरस्ट्रीमचाच फेरबदल केलेला ट्रेलर होता.

मंदीच्या काळात अमेरिकेत शेकडो ट्रेलर उत्पादक होते. त्यातील बहुतेकांची नावेही उरली नाहीत. बायम टिकले, कारण सदोष आराखड्याबद्दल आलेल्या वाचकांच्या तक्रारींपासून मध्य अमेरिकेत मोडलेल्या ट्रेलरपर्यंत प्रत्येक अपयश त्यांनी स्वतः तपासून पाहिले. ओढता न येणारी चैन घरात भरायची नाही, आणि ओढता यावे म्हणून घराचे घरपणही घालवायचे नाही, हे सूत्र त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही. गाढवाच्या गाडीत शेगडी पेटवणाऱ्या मेंढपाळ पोराला ते बहुधा तेव्हाच उमगले होते.