अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल व त्यांच्या नांवाचें माप

आमच्या पिंपरी-चिंचवड व चाकण भागांत कारखान्यांची घरघर अहोरात्र चालूं असते. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण-नियमांनीं औद्योगिक क्षेत्रासाठीं दिवसा ७५ व रात्रीं ७० डेसिबेल अशी आवाजाची मर्यादा घालून दिलेली आहे. या ‘डेसिबेल’ शब्दांत ज्या थोर संशोधकाचें नांव गोंविलेलें आहे, त्यांचें चरित्र विद्यार्थिमित्रांस थोडक्यांत सादर करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांचा जन्म स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरीं ता. ३ मार्च १८४७ रोजीं झाला. वडील उच्चारशास्त्राचे नामांकित शिक्षक होते. मातोश्रींस मात्र ऐकूं फार कमी येत असे. दोघेही भाऊ क्षयरोगानें निवर्तल्यावर, उरलेल्या एकुलत्या पुत्राची प्रकृति सांभाळण्यासाठीं आईबाप १८७० सालीं कॅनडांत जाऊन राहिले. पुढील वर्षीं बेल अमेरिकेंतील बोस्टन शहरीं बहिऱ्या मुलांस शिकवूं लागले. अध्यापनांतून उरलेला वेळ ते विद्युत्प्रयोगांत घालवीत. ता. ७ मार्च १८७६ रोजीं त्यांस टेलिफोनचें पेटंट मिळालें, आणि तीनच दिवसांनीं त्यांचे शब्द दुसऱ्या खोलींतील त्यांचे सहकारी वॉटसन यांस तारेवरून स्पष्ट ऐकूं आले. १८७७ सालीं त्यांचा विवाह मेबल हबर्ड यांच्याशीं झाला. त्यांचीही श्रवणशक्ति लहानपणींच आजारानें गेलेली होती. सहा वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, १८८२ च्या जानेवारींत, आमच्या मुंबईस टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालें. ता. २ ऑगस्ट १९२२ रोजीं बेल यांनीं कॅनडांत देह ठेविला. दफनाच्या वेळीं उत्तर अमेरिकेंतील टेलिफोन एक मिनिट स्तब्ध ठेवण्यांत आले.

तार जसजशी लांबते तसतसा तीमधील आवाज क्षीण होत जातो. ही घट मोजण्यास अमेरिकन अभियंते पूर्वीं ठराविक जातीच्या केबलचा एक मैल हें माप धरीत. १९२४ मध्यें त्याऐवजीं नवें माप आलें व कांहीं वर्षांतच त्यास बेल यांचें नांव मिळालें. बेलचा दशांश तो डेसिबेल. परंतु हें शेर किंवा गजासारखें माप नव्हे. दोन शक्तींचें तें केवळ गुणोत्तर आहे. शक्ति दसपट झाली कीं १० डेसिबेल, शंभरपट झाली कीं २०. अर्थात् कशाच्या दसपट, हें सांगितल्यावांचून आंकड्यास अर्थ नाहीं.

जुन्या टेलिफोन-परीक्षण यंत्रांच्या तबकडीवर पुष्कळदां नुसतें ‘डीबी’ एवढेंच छापलेलें असतें. कांहींचें शून्य ६०० ओहमांवरील १ मिलिवॅट असतें, तर कांहीं जुन्या अमेरिकन यंत्रांचें ५०० ओहमांवरील ६ मिलिवॅट. या दोन शक्तींमध्यें जवळजवळ ८ डेसिबेलांचें अंतर आहे! निर्णयाची युक्ति सोपी आहे. उलटसुलट वाहणारा विद्युत्प्रवाह बेताबेतानें देऊन कांटा शून्यावर आणावा व तेवढा विद्युद्दाब खात्रीच्या मीटरनें मोजावा. तो ०.७७५ व्होल्ट भरला तर पहिला आधार, १.७३ भरला तर दुसरा. आधार कळल्यावर तो कागदावर लिहून यंत्रास चिकटवावा, म्हणजे पुढील माणूस फसणार नाहीं.

बेल यांच्या कार्याचें मोल ठरवितांनाही हाच विवेक हवा. दूरच्या आप्ताचा आवाज ऐकणाऱ्यास ते उपकारकर्ते वाटतात. उलट, बहिऱ्या मुलांस मुखानेंच बोलावयास शिकवावें, हातांच्या खुणांची भाषा शाळेंत नसावी, असा त्यांचा आग्रह होता. त्यामुळें आपली भाषाच हिरावली गेली, असें अनेक बधिर जनांस वाटतें. ज्यांची माता व पत्नी दोघींसही ऐकूं येण्याची अडचण होती, त्यांच्या हेतूविषयीं आम्हांस शंका नाहीं. पण हेतु चांगला म्हणून परिणाम पुसला जात नाहीं. यास्तव आमच्या विद्यार्थ्यांनीं यंत्राचा आंकडा वाचतांना आणि थोरांचें चरित्र वाचतांनाही, शून्य कोठें धरलें आहे, हें प्रथम विचारावें.