कॉलराचं विष सशाच्या आतड्यात पकडणारे शंभूनाथ डे, ज्यांना आपल्याच देशानं ओळखलं नाही

आपल्याकडं कित्येक गावांच्या वेशीवर मरीआईचं देऊळ दिसतं. पटकीची साथ आली की मरीआई कोपली म्हणायचे आणि तिचा गाडा वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडायचे. पटकी म्हणजेच कॉलरा. सकाळी धडधाकट असलेला माणूस रात्रीपर्यंत अंगातलं पाणी संपून जायचा. कुणाला काही कळायच्या आत घरंच्या घरं रिकामी व्हायची.

आता दुसरा सीन बघा. आज जगभरातल्या लॅबमध्ये फ्रीज उघडला तर त्यात एक बारकी बाटली सापडू शकते. तिच्यात शुद्ध केलेलं कॉलराचं विष असतं. ते कुणाला मारण्यासाठी नाही, तर कामासाठी ठेवलेलं असतं. मेंदूतली कुठली नस कुठं जोडलेली आहे ते शोधायला, भाजलेल्या माणसासाठी कातडीच्या पेशी वाढवायला, लस बनवायला ते वापरतात.

मरीआईच्या गाड्यापासून या बाटलीपर्यंतच्या वाटेवर एक माणूस उभा आहे. त्याचं नाव शंभूनाथ डे. कलकत्त्याचे डॉक्टर. शाळेच्या पुस्तकात बहुतेक कधी भेटले नसतील, म्हणून आज त्यांची गोष्ट.

तर डे यांचा जन्म १ फेब्रुवारी १९१५ चा. गाव बंगालच्या हुगळी जिल्ह्यातलं गरीबाटी. वडिलांचा छोटा धंदा होता, तो काही फार चालला नाही. घरात शिक्षणाला पैसे नव्हते, पण काकांनी पोराची हुशारी ओळखली आणि त्याच्या शिक्षणाला हातभार लावला. मॅट्रिकला चांगले मार्क पडले, मग हुगळीचं मोहसीन कॉलेज झालं आणि पुढं शिष्यवृत्तीवर थेट कलकत्ता मेडिकल कॉलेज गाठलं. शहरात एका भल्या माणसानं राहण्या-खाण्याची सोय केली. १९३९ ला ते डॉक्टर झाले.

दवाखाना टाकून बसले असते तर आयुष्य निवांत गेलं असतं. पण डे यांचा ओढा पॅथॉलॉजीकडं होता, म्हणजे रोग शरीरात नेमकं काय करतो ते शोधण्याकडं. १९४७ ला, देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, ते लंडनला गेले. त्यांना पाठवण्यात त्यांचे सासरे प्रा. एम. एन. डे यांचा वाटा मोठा होता, तेही मेडिकल कॉलेजात मेडिसिनचे प्राध्यापक. लंडनला नावाजलेले पॅथॉलॉजिस्ट रॉय कॅमेरॉन यांच्याकडं त्यांनी पीएचडी केली. विषयाचा कॉलराशी काही संबंध नव्हता. पण प्राण्यांवर प्रयोग कसा आखायचा, हा हात त्यांनी तिथंच बसवला. १९४९ ला पीएचडी घेऊन ते परत आले आणि कलकत्त्याच्या नीलरतन सरकार मेडिकल कॉलेजमध्ये रुजू झाले.

कलकत्त्यात त्या काळी कॉलरा शोधायला लांब जावं लागत नव्हतं. वॉर्ड पेशंटनी भरलेले असायचे. डे यांनी हाच विषय धरला.

आता इथं जरा थांबून कोडं काय होतं ते समजून घेऊ, नाहीतर डे यांनी काय केलं ते कळणार नाही.

कॉलराचा जंतू १८८४ लाच ओळखला गेला होता. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख आधी इजिप्तला आणि मग कलकत्त्यालाच येऊन पेशंट आणि तळ्याचं पाणी तपासून गेले होते. आरोपी सापडला होता. हा जंतू काहीतरी विष सोडत असणार, असा अंदाजही कॉख यांनी तेव्हाच बांधला होता. पण ते विष काही केल्या कुणाच्या हाती लागेना.

का लागेना? एक तर कॉख यांचेच सहकारी रिचर्ड फायफर यांना मेलेल्या जंतूच्या शरीरातच विष सापडलं होतं. 'एंडोटॉक्सिन' ही कल्पनाच त्यातून आली. मग सगळे जंतूची कलेवरं चिवडत बसले. दुसरं म्हणजे हे विष तपासायला लोक ते प्राण्यांच्या रक्तात टोचायचे, नाहीतर पोटाच्या पोकळीत. प्राणी आजारी पडायचा, मरायचाही. पण माणसाला होतात तसे भाताच्या पेजेसारखे जुलाब काही व्हायचे नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, अहो, जुलाब आतड्यात होतात तर विष आतड्यातच टाकून बघायचं ना! हे आज वाचताना इतकं सोपं वाटतं की हसू येतं. पण ७०-७५ वर्षं भलेभले याच ठिकाणी अडकले होते.

डे यांनी तेच केलं. मोठा ससा घ्यायचा. त्याला भूल द्यायची, पोट उघडायचं आणि लहान आतड्याचा काही इंचांचा तुकडा दोन्ही बाजूंनी रेशमी दोऱ्यानं बांधायचा. आतडं कापायचं नाही, रक्तपुरवठा चालू ठेवायचा. फक्त मधला भाग बंद पिशवीसारखा करायचा. त्यात कॉलराच्या जंतूंचं थोडं पाणी सोडायचं आणि पोट शिवून टाकायचं. शेजारच्या दुसऱ्या तुकड्यात नुसतं जंतू नसलेलं द्रावण.

दुसऱ्या दिवशी पोट उघडलं तर जंतूवाली पिशवी पाण्यानं तट्ट फुगलेली. शेजारची आपली चपटीच्या चपटी.

महागडं मशीन नाही. ससा, दोरा आणि नेमका प्रश्न, एवढ्यावर काम झालं. हा पेपर १९५३ ला आला. गंमत म्हणजे असाच प्रयत्न १९१५ ला, म्हणजे डे जन्मले त्या वर्षी, दोन संशोधकांनी केला होता, पण तो विसरला गेला होता. डे यांनी त्याची पक्की चाचणी बनवली. १९५६ ला त्यांनी हीच युक्ती ई. कोलाय या दुसऱ्या जंतूवर लावली आणि त्यातले काही प्रकारही आतडं फुगवतात हे दाखवलं. परदेशात गेल्यावर पोट बिघडतं त्यामागचा एक मोठा गुन्हेगार हाच. यावरही एक अख्खा लेख होईल, पण आज नको.

खरा धमाका अजून व्हायचा होता.

पिशवी फुगते हे कळलं. पण फुगवतं कोण? जिवंत जंतू आतड्याला चावतोय, की त्यानं बाहेर सोडलेलं काहीतरी? हे तपासायला डे यांनी जंतू वाढवलेलं पाणी इतक्या बारीक गाळणीतून गाळलं की त्यात एकही जंतू उरला नाही. मग ते नुसतं गाळीव पाणी सशाच्या बांधलेल्या आतड्यात सोडलं.

पिशवी फुगली.

जंतू नसताना कॉलरा! म्हणजे विष जंतूच्या शरीरात नव्हतं, ते बाहेर पडून पाण्यात मिसळत होतं. इतकी वर्षं लोक चोराला उलटापालटा करून झडती घेत होते आणि माल रस्त्यावर पडलेला होता. मे १९५९ मध्ये 'नेचर' या जगातल्या वजनदार मासिकात हे छापून आलं. लेखकाच्या जागी एकच नाव होतं, एस. एन. डे. तोवर ते कलकत्ता मेडिकल कॉलेजात पॅथॉलॉजी विभागाचे प्रमुख झाले होते.

याच वर्षी आपल्या मुंबईतही हाच धागा पकडला गेला होता. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये एन. के. दत्ता, पानसे आणि कुलकर्णी या तिघांनी सशाच्या पिल्लांवर प्रयोग करून कॉलराच्या विषाची भूमिका दाखवली. १९५९ ला जगातल्या कॉलरा संशोधनाची दोन महत्त्वाची ठिकाणं भारतात होती, हे आपण कुठंच सांगत नाही.

मग पुढं काय झालं? तर सुरुवातीची काही वर्षं जवळपास काहीच नाही. डे यांच्या पेपरची दखल घ्यायला जगाला वेळ लागला. आणि विष आहे हे सिद्ध होणं वेगळं, ते शुद्ध करून बाटलीत भरणं वेगळं. गाळलेल्या पाण्यात जंतूनं टाकलेल्या शेकडो गोष्टी असतात, त्यातून एकच प्रोटीन निवडून काढायचं असतं. ते काम १९६९ ला अमेरिकेतल्या डॅलसमध्ये फिंकेलस्टाइन आणि लोस्पालुटो यांनी केलं. इथून कॉलराचं विष हे नुसतं रोगाचं कारण उरलं नाही, ते हत्यार झालं.

हे हत्यार चालतं कसं, ते थोडक्यात. या विषाचे दोन भाग असतात. एक 'बी' भाग, त्याचे पाच तुकडे गोल कडं करून बसतात. पेशीच्या बाहेरच्या आवरणावर 'जीएम-१' नावाचा रेणू असतो, त्याला हे कडं घट्ट चिकटतं. दुसरा 'ए' भाग, तो पेशीच्या आत शिरतो. आत एक 'जी प्रोटीन' असतं, ते दाराच्या बेलच्या बटणासारखं काम करतं. निरोप आला की दाबलं जातं, मग सुटतं. विष काय करतं, तर ते बटण दाबलेल्या अवस्थेतच अडकवून टाकतं. बेल वाजतच राहते. आतड्यातल्या पेशी मीठ बाहेर फेकत राहतात, त्यामागं पाणी जातं आणि माणूस दिवसाला १० लिटरहून जास्त पाणी गमावू शकतो.

पेशंटच्या जिवावर बेतणारी हीच गोष्ट शास्त्रज्ञाला सोन्यासारखी वाटते. कारण पेशीतलं एकच ठराविक बटण अडकवणारी वस्तू त्याला माणसानं बनवून मिळाली नसती. हे विष जी प्रोटीनवर एक रासायनिक तुकडा चिकटवतं. तो तुकडा किरणोत्सारी वापरला की हजारो प्रोटीनच्या गर्दीत नेमकं तेच प्रोटीन उठून दिसतं. १९७० च्या दशकात शास्त्रज्ञांनी हे केलं. डांग्या खोकल्याच्या जंतूचं विष असंच दुसऱ्या, म्हणजे ब्रेक लावणाऱ्या जी प्रोटीनवर चालतं. या दोन विषांनी पेशीतल्या निरोपांचा रस्ता उलगडायला भरपूर मदत केली. जी प्रोटीनच्या शोधासाठी गिलमन आणि रॉडबेल यांना १९९४ चं नोबेल मिळालं.

'बी' भाग तर एकटा बिनविषारीच असतो, नुसता चिकटतो. त्याला चमकणारा रंग जोडून स्नायूत टोचला की तो नसेच्या टोकातून आत शिरतो आणि नसेतून उलटा प्रवास करत मूळ पेशीपर्यंत जातो. सूक्ष्मदर्शकाखाली वायरिंगचा नकाशाच दिसतो. तोंडानं घ्यायच्या 'ड्युकोरल' या कॉलराच्या लसीतही हाच भाग आहे. आणि १९७८ ला हॉवर्ड ग्रीन यांनी दाखवलं की पूर्ण विषाचा कणभर डोस दिला तर कातडीच्या पेशी लॅबमध्ये जोमानं वाढतात. भाजलेल्यांसाठी कातडी वाढवायच्या पद्धतीत ते वापरलं गेलं.

आता परत डे यांच्याकडं येऊ.

ते १९७३ ला निवृत्त झाले. भारतातल्या एकाही मोठ्या विज्ञान अकादमीनं त्यांना फेलो केलं नाही. मोठा सरकारी पुरस्कार नाही. नोबेल विजेते अमेरिकन शास्त्रज्ञ जोशुआ लेडरबर्ग यांनी त्यांचं नाव नोबेलसाठी सुचवलं होतं, तेही एकदा नाही, अनेकदा. ते मिळालं नाही ते सोडा, नोबेल भल्याभल्यांना मिळत नाही. पण आपल्या अकादम्यांचं काय? नोबेलसाठी नाव जाऊ शकतं आणि फेलोशिपसाठी नाही, याचं कारण मला तरी पटणारं सापडत नाही. डे कुणाच्या गटात नव्हते, सभा-संमेलनांत मिरवणारे नव्हते, असं त्यांच्याबद्दल लिहिणारे सांगतात. तेवढ्यानं एखादा शास्त्रज्ञ दिसेनासा होत असेल तर दोष बघणाऱ्यांच्या डोळ्यांचा आहे.

१९७८ ला नोबेल फाउंडेशननं कॉलरा आणि तशा जुलाबांच्या रोगांवर खास परिषद भरवली. तिचं बोलावणं कलकत्त्याच्या या निवृत्त प्राध्यापकाला आलं. त्यांनी शोधलेल्या विषावर दोन दशकं काम केलेली माणसं तिथं होती.

१५ एप्रिल १९८५ ला शंभूनाथ डे गेले, वयाच्या सत्तराव्या वर्षी. पुढच्याच वर्षी अमेरिकेत युजीन गारफिल्ड यांनी, शोधनिबंधांना मिळणाऱ्या संदर्भांचा हिशोब ठेवणारा हा माणूस, डे यांच्या कामाचा कॉलरा संशोधनावर झालेला परिणाम मांडणारा लेख लिहिला. आणि १९९० ला बेंगळुरूच्या 'करंट सायन्स' मासिकानं त्यांच्यावर अख्खा विशेषांक काढला. तोवर त्यांना जाऊन पाच वर्षं झाली होती.