विश्लेषण : गावाने वर्गणी काढली, प्राचार्यांनी घर गहाण ठेवले... खाशाबा जाधव यांचे ऑलिम्पिक पदक नेमके कसे आले?

स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक सातारा जिल्ह्यातल्या एका छोट्या गावातून आले. १९५२ मध्ये हेलसिंकीत कुस्तीपटू खाशाबा जाधव यांनी ते मिळवले. त्यानंतर असेच पदक पाहायला देशाला ४४ वर्षे थांबावे लागले. महाराष्ट्राला तर तब्बल ७२ वर्षे. पण या पदकासाठी पैसे कोणी उभे केले, संघात जागा कशी मिळाली आणि पदकानंतर त्यांच्या वाट्याला काय आले, हे फारसे सांगितले जात नाही. म्हणूनच ही सविस्तर माहिती.

खाशाबा जाधव कोण होते?

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कराड तालुक्यातील गोळेश्वर येथे झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. घरातच कुस्ती असल्याने लाल मातीची ओळख लहानपणीच झाली. शालेय शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाले. १९४२ च्या चळवळीत सातारा जिल्हा पेटलेला असताना भूमिगतांना मदत करणाऱ्यांत हा शाळकरी मुलगाही होता.

पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. कोल्हापूर म्हणजे तालमींचे शहर. तिथे बाबूराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी यांच्या हाताखाली त्यांची कुस्ती घडली. अंगाने ते आडदांड नव्हते. भर ताकदीपेक्षा चपळाईवर होता. प्रतिस्पर्ध्याची मान पकडून त्याला उलटवणारा ‘ढाक’ हा त्यांचा हुकमी डाव. याच चपळाईमुळे पुढे त्यांना ‘पॉकेट डायनॅमो’ हे नाव पडले.

पहिल्या ऑलिम्पिकमध्ये काय झाले?

खाशाबा पहिल्यांदा ऑलिम्पिकला गेले ते १९४८ मध्ये, लंडनला. प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. अमेरिकेचे माजी कुस्तीपटू रीस गार्डनर यांनी त्यांना तिथल्या स्पर्धेसाठी तयार केले. फ्लायवेट म्हणजे ५२ किलो वजनगटात त्यांनी ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेच्या मल्लांना हरवले. इराणच्या मन्सूर रईसीकडून मात्र ते पराभूत झाले. अखेर त्यांना सहावा क्रमांक मिळाला.

आज सहावा क्रमांक किरकोळ वाटेल. पण खाशाबांची आतापर्यंतची सगळी कुस्ती मातीवरची होती आणि लंडनमध्ये त्यांना मॅटवर उतरावे लागले.

माती आणि मॅट यात एवढा फरक काय?

ज्यांनी यात्रेतली दंगल पाहिली आहे, त्यांना हे लगेच कळेल. जळगाव-धुळ्याकडच्या आखाड्यात असो की कोल्हापूरच्या खासबाग मैदानात, मातीतल्या कुस्तीचा निकाल मुख्यतः चितपटीवर लागतो. पाठ टेकली की विषय संपला. त्यामुळे पैलवान दमाने खेळतो, समोरच्याला थकवतो आणि संधी आली की डाव टाकतो.

मॅटवर वेळ मोजलेली असते. हेलसिंकीत एका लढतीला १५ मिनिटे होती. तेवढ्या वेळात चितपट झाली नाही, तर पंच गुणांवर निकाल देतात. म्हणजे वाट पाहत बसणारा मल्ल हरतो. पायाखालचा पृष्ठभागही वेगळा. मातीत पाय रुततो, मॅटवर तो झपकन फिरतो. सारी हयात मातीत गेलेल्या मल्लाला हे सगळे नव्याने शिकावे लागते. खाशाबांनी लंडननंतरची चार वर्षे त्यासाठीच दिली. त्यांनी वजनगटही बदलला आणि ते बँटमवेट म्हणजे ५७ किलो गटात आले.

१९५२ च्या निवडीचा वाद काय होता?

हेलसिंकीला जाण्याआधीच खाशाबांना एक मोठी लढत द्यावी लागली. मद्रासमध्ये झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांना एका गुणाने मागे टाकून निरंजन दास यांना पुढे ठेवण्यात आले. हा निकाल खाशाबांना मान्य नव्हता. गप्प न बसता त्यांनी थेट पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराज त्या वेळी देशाच्या क्रीडा कारभारातले वजनदार नाव होते.

पुन्हा लढत झाली. खाशाबांनी निरंजन दास यांना हरवून संघातली जागा मिळवली. ही दाद मागितली नसती, तर भारताच्या पदकांच्या यादीत १९५२ समोर फक्त हॉकीचे सुवर्ण दिसले असते.

प्रवासाचे पैसे कोणी दिले?

संघात निवड झाली म्हणजे तिकीट मिळाले, असा तो काळ नव्हता. खर्चाची जुळवाजुळव खेळाडूलाच करावी लागे. खाशाबा घरोघरी, दुकानोदुकानी फिरले. गोळेश्वर आणि कराड परिसरातल्या लोकांनी जमेल तशी वर्गणी दिली. तरी रक्कम पुरेना.

अशा वेळी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर पुढे आले. त्यांनी स्वतःचे राहते घर गहाण ठेवून ७ हजार रुपये उभे केले. १९५२ मध्ये ही रक्कम किती मोठी होती, याचा अंदाज सहज करता येईल. आपला विद्यार्थी पदक आणेलच, याची कोणतीही हमी त्यांच्याकडे नव्हती.

हेलसिंकीत नेमके काय घडले?

त्या काळी आजच्यासारखे सरळ उपांत्य-अंतिम असे गट नव्हते. लढत कशी जिंकली किंवा हरली, यावर दंडाचे गुण मिळत. ठरावीक मर्यादा ओलांडणारा मल्ल बाहेर पडे. शेवटी उरलेले मल्ल आपसांत पदके ठरवत.

खाशाबांनी कॅनडाचे एड्रियन पोलिक्विन, मेक्सिकोचे लिओनार्डो बासुर्तो आणि जर्मनीचे फर्डिनांड श्मिट्झ यांना हरवून अखेरच्या तिघांत धडक मारली. तिथे जपानचे शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचे रशीद ममादबेयोव समोर होते. इशी यांच्याबरोबरची लढत पूर्ण वेळ चालली आणि खाशाबा गुणांवर हरले.

त्यानंतर जे झाले, त्याची हळहळ आजही व्यक्त होते. दोन लढतींमध्ये किमान अर्धा तास विश्रांतीचा नियम होता. खाशाबांना मात्र जवळपास लगेचच ममादबेयोव यांच्याविरुद्ध उतरवण्यात आले. नियमावर बोट ठेवून हरकत घ्यायला भारतीय पथकाचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. दमलेले खाशाबा ती लढतही हरले. इशी यांना सुवर्ण, ममादबेयोव यांना रौप्य आणि खाशाबांना कांस्यपदक मिळाले. तारीख होती २३ जुलै १९५२. खाशाबांचे वय तेव्हा २६ वर्षे.

याच स्पर्धेत कोल्हापूरचे आणखी एक मल्ल, केशव माणगावे, फेदरवेट गटात चौथे आले. म्हणजे त्या वर्षी कुस्तीत दुसरे पदकही थोडक्यात हुकले.

परतल्यावर स्वागत कसे झाले?

कराड स्थानकावर गर्दी उसळली. शंभरहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवी काही मिनिटांचे गोळेश्वरपर्यंतचे अंतर पार करायला त्या दिवशी अनेक तास लागले.

खाशाबांना मात्र प्राचार्यांचे गहाण पडलेले घर आठवत होते. त्यांनी कुस्त्यांचे फड भरवले, स्वतः लढले आणि त्यातून जमलेल्या पैशांतून खर्डेकरांचे घर सोडवले. देशासाठी पदक आणलेल्या मल्लाचे पुढचे काम होते, ते पदकाचे कर्ज फेडणे.

पुढचे आयुष्य कसे गेले?

१९५५ मध्ये खाशाबा पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकचे स्वप्न गुडघ्याच्या दुखापतीमुळे राहून गेले. पोलीस दलातील स्पर्धा त्यांनी गाजवल्या, तरुण मल्लांना मार्गदर्शन केले. सुमारे २७ वर्षांच्या सेवेनंतर ते सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठी मात्र त्यांना झगडावे लागले.

१९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेच्या मशाल दौडीत त्यांना सहभागी करून घेण्यात आले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १४ ऑगस्ट १९८४ रोजी, रस्ते अपघातात त्यांचे निधन झाले. वय होते ५८.

सन्मान कधी मिळाले?

अर्जुन पुरस्कार १९६१ मध्ये सुरू झाले. खाशाबा त्यानंतर २३ वर्षे हयात होते, पण तो पुरस्कार त्यांना मिळाला मरणोत्तर, २००० सालचा. हयातीत पद्म पुरस्कारही मिळाला नाही. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी दिल्लीत उभारलेल्या कुस्ती स्टेडियमला त्यांचे नाव देण्यात आले. महाराष्ट्र सरकारने १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून जाहीर केला.

आज हे आठवायचे कशासाठी?

१९५२ नंतरचे पुढचे वैयक्तिक पदक लिअँडर पेस यांनी १९९६ मध्ये टेनिसमध्ये आणले. कुस्तीतले पुढचे पदक सुशील कुमार यांनी २००८ मध्ये मिळवले. महाराष्ट्राचे पुढचे वैयक्तिक पदक २०२४ मध्ये पॅरिसला नेमबाज स्वप्नील कुसळे यांनी जिंकले. ते कोल्हापूर जिल्ह्यातले, आणि हे पदकही कांस्यच.

मधल्या काळात सरकारी मदत, प्रशिक्षण शिबिरे, नोकरीतले आरक्षण असे बरेच बदलले. तरी असोद्यासारख्या गावातला मुलगा आजही आधी मातीत उतरतो आणि मॅट त्याला बऱ्याच उशिरा भेटते. वेळेवर मॅट, हाताशी थोडे पैसे आणि हक्काच्या अर्ध्या तासासाठी भांडणारा एक माणूस, एवढेच खाशाबांना कमी पडले होते. ते मिळाले असते, तर हेलसिंकीतल्या पदकाचा रंग कदाचित वेगळा असता.