अपमानाने आजारी पडलेल्या मनांचा डॉक्टर : फ्रान्झ फॅनन

६ डिसेंबर ही तारीख आपल्याला कोणी सांगावी लागत नाही. १९५६ साली याच दिवशी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर बरोबर पाच वर्षांनी, ६ डिसेंबर १९६१ रोजी, अमेरिकेतल्या बेथेस्डा येथील रुग्णालयात एका कृष्णवर्णीय डॉक्टरांनी अखेरचा श्वास घेतला. वय अवघे ३६ वर्षे. नाव फ्रान्झ फॅनन.

हे नाव आपल्या चळवळीला अगदी परके नाही. १९७२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले. त्या ब्लॅक पँथरचे संस्थापक ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील हे फॅनन वाचून घडलेले तरुण होते. जग फॅनन यांना वसाहतवादाविरुद्ध लढणारे क्रांतिकारक म्हणून ओळखते. पण त्यांचा पेशा मनोविकारतज्ज्ञाचा होता. रोज पेशंट तपासणे हे त्यांचे काम होते. आज आमच्या तरुण कार्यकर्त्यांमध्ये नैराश्य, चिडचिड, एकटेपणा याविषयी बोलले जाऊ लागले आहे. म्हणून या डॉक्टरांचे आयुष्य आम्हाला इथे मांडावेसे वाटते.

मार्टिनिकचा मुलगा

फॅनन यांचा जन्म २० जुलै १९२५ रोजी कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावर, फोर्ट-द-फ्रान्स या शहरात झाला. बेट फ्रान्सच्या ताब्यात होते. तिथले बहुसंख्य लोक उसाच्या मळ्यांवर राबवण्यासाठी आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे वंशज. फॅनन यांचे वडील कस्टम खात्यात नोकरीला, आई दुकान चालवायची. घर खाऊनपिऊन सुखी होते. मुलांनी शुद्ध फ्रेंच बोलावे, लोकांची क्रिओल बोली बोलणे कमीपणाचे, असे तिथल्या सुशिक्षित घरांत मानले जाई. शाळेत शिकवले जाई ते फ्रान्सचे गोडवे. त्यामुळे हा मुलगा स्वतःला फ्रेंचच समजत मोठा झाला.

दुसऱ्या महायुद्धात, वयाच्या अठराव्या वर्षी, नाझींविरुद्ध लढण्यासाठी ते घर सोडून गेले. फ्रान्स वाचवणे म्हणजे माणुसकी वाचवणे अशी त्यांची समजूत होती. सैन्यात वेगळेच चित्र दिसले. सगळ्यात वर गोरे, मध्ये कॅरिबियन बेटांवरचे, सगळ्यात खाली आफ्रिकेतले काळे शिपाई. मधल्याने वरच्याकडे आशेने पाहायचे आणि खालच्याला तुच्छ लेखायचे. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमतेची जी मांडणी केली, ती वाचलेल्या कोणालाही ही उतरंड लगेच ओळखू येईल. फॅनन युद्धात जखमी झाले, त्यांना शौर्यपदक मिळाले. पण ज्या स्वप्नासाठी ते लढायला गेले होते, ते तिथेच तुटले.

रेल्वेच्या डब्यातली नजर

युद्धानंतर फॅनन वैद्यकीय शिक्षणासाठी फ्रान्समधल्या लिऑन शहरात आले आणि पुढे मनोविकारशास्त्राकडे वळले. १९५२ साली त्यांचे पहिले पुस्तक प्रसिद्ध झाले, 'ब्लॅक स्किन, व्हाइट मास्क्स'. त्यात त्यांनी एक प्रसंग नोंदवला आहे. एक लहान गोरा मुलगा त्यांना पाहतो, आईला बोटाने दाखवतो आणि भीती वाटते म्हणून सांगतो. फॅनन यांनी काहीच केलेले नसते. ते डॉक्टर होण्याच्या वाटेवर असतात, फ्रेंच उत्तम बोलतात, देशासाठी रक्त सांडलेले असते. एका नजरेत हे सगळे पुसले जाते आणि उरते फक्त कातडी.

आडनाव विचारल्यावर समोरच्याचा बदललेला चेहरा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही.

फॅनन यांचा मुद्दा असा की अशी नजर पुन्हा पुन्हा झेलणारा माणूस हळूहळू स्वतःकडेही त्याच नजरेने पाहू लागतो. मग तो भाषा बदलतो, उच्चार बदलतो, आपल्याच माणसांपासून लांब राहतो. प्रेमातसुद्धा हे शिरते. गोऱ्या जोडीदाराने आपल्याला निवडले म्हणजे आपण माणूस असल्याचा दाखला मिळाला, असे वाटू लागते. नात्यांवर त्यांनी या पुस्तकात दोन प्रकरणे लिहिली. स्वतः फॅनन यांनी जोझी या गोऱ्या फ्रेंच तरुणीशी लग्न केले होते. त्यामुळे त्यांचा आक्षेप आंतरवर्णीय प्रेमाला नव्हता. प्रेमाकडून प्रमाणपत्र मागण्याला होता. मात्र पुरुषांना जितके समजून घेतले तितके त्यांनी काळ्या स्त्रियांना समजून घेतले नाही, ही स्त्रीवादी अभ्यासकांची टीकाही आपण लक्षात ठेवली पाहिजे.

त्याच काळात त्यांनी लिऑनमधल्या उत्तर आफ्रिकी मजुरांवर लेख लिहिला. हे मजूर सगळे अंग दुखते म्हणून दवाखान्यात येत. तपासणीत काही सापडत नसे, म्हणून डॉक्टर त्यांना ढोंगी ठरवत. घरदार सोडून आलेला, रोज तुच्छतेने वागवला जाणारा, प्रेमाचे माणूस जवळ नसलेला मजूर आपले दुःख शरीरातून सांगतो आहे, हे त्या डॉक्टरांना दिसत नव्हते. फॅनन यांना दिसले.

ब्लिडाचे मनोरुग्णालय

फ्रान्समधल्या सेंट-आल्बान येथील मनोरुग्णालयात फॅनन यांनी फ्रान्स्वा तोस्केल्स यांच्या हाताखाली काम केले. तोस्केल्स हे फॅसिस्टांविरुद्ध लढून स्पेनमधून आलेले निर्वासित. पेशंट बरा करायचा असेल तर आधी रुग्णालय बरे केले पाहिजे, अशी त्यांची पद्धत होती. डॉक्टर, नर्स, पेशंट यांनी मिळून बैठका घ्यायच्या, वार्तापत्र काढायचे, नाटक बसवायचे, कामे वाटून घ्यायची.

१९५३ च्या अखेरीस फॅनन अल्जेरियातल्या ब्लिडा इथल्या मोठ्या मनोरुग्णालयात रुजू झाले. अल्जेरिया तेव्हा फ्रेंचांची वसाहत होती. तिथले नावाजलेले गोरे मनोविकारतज्ज्ञ असे शिकवत की अल्जेरियन माणूस जन्मतःच आळशी, खोटारडा आणि हिंसक असतो, त्याचा मेंदूच कमी विकसित असतो. विज्ञानाच्या नावाखाली चाललेली ही मनुस्मृतीच होती.

फॅनन यांनी आपल्या वॉर्डात तोस्केल्स यांची पद्धत सुरू केली. युरोपियन बायकांच्या वॉर्डात ती छान रुजली. अल्जेरियन मुस्लिम पुरुषांच्या वॉर्डात ती साफ फसली. कोणी बैठकीला येईना, नाटकात रस घेईना. इथे दुसऱ्या एखाद्या डॉक्टरने पेशंटलाच दोष दिला असता. फॅनन यांनी आपली पद्धत तपासली आणि ती चुकली, हे सहकाऱ्यासोबत १९५४ साली लेख लिहून जाहीरपणे मांडले. पेशंटची भाषा त्यांना येत नव्हती, दुभाष्यामार्फत मन उलगडत नव्हते. सण, गाणी, खेळ सगळे फ्रेंचांचे होते. मग त्यांनी वॉर्डात अल्जेरियन पद्धतीचा कॉफीचा अड्डा सुरू केला, गोष्ट सांगणारे कथेकरी बोलावले, मुस्लिम सण साजरे केले, फुटबॉलचे मैदान तयार झाले. पेशंट बोलू लागले.

हेच रुग्णालय आज फ्रान्झ फॅनन यांच्या नावाने ओळखले जाते.

छळलेला आणि छळणारा

१ नोव्हेंबर १९५४ रोजी अल्जेरियाचे स्वातंत्र्ययुद्ध पेटले. फॅनन यांच्याकडे पोलिसांच्या छळातून सुटलेले लोक येऊ लागले आणि छळ करणारे पोलीसही. एक पोलीस अधिकारी कोठडीत माणसांना मारून घरी जायचा आणि बायकोमुलांना मारायचा. नोकरी सोडायची त्याची तयारी नव्हती. छळाचे काम शांत डोक्याने करता यावे, इतकीच त्याची डॉक्टरांकडे मागणी होती. दुसरा एक पोलीस रुग्णालयाच्या आवारात चालत असताना त्याला समोर असा पेशंट दिसला, ज्याचा त्यानेच छळ केला होता. पोलिसाला घाम फुटला, तो थरथरू लागला. तिकडे तो पेशंट भीतीने स्वच्छतागृहात लपला आणि जीव द्यायला निघाला. पोलीस आपल्याला पुन्हा न्यायला आले आहेत असे त्याला वाटले होते.

औषधे आणि त्या काळचे शॉक उपचार फॅनन वापरत होते. आजाराचा वैद्यकीय भाग त्यांनी कधी नाकारला नाही. पण रोज हजारो माणसांना वेडे करणारी व्यवस्था बाहेर चालू असताना, आत बसून एकेकाला बरे करण्याचे नाटक किती दिवस करायचे, हा प्रश्न त्यांना सतावू लागला. १९५६ साली, म्हणजे बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली त्याच वर्षी, त्यांनी सरकारी नोकरीचा राजीनामा दिला. जानेवारी १९५७ मध्ये सरकारने त्यांना अल्जेरियातून हद्दपार केले.

ट्युनिस आणि शेवट

फॅनन ट्युनिसला गेले, स्वातंत्र्यलढ्याच्या वृत्तपत्रासाठी लिहू लागले, पुढे घानामध्ये लढ्याचे राजदूत झाले. ट्युनिसमध्येही त्यांनी डॉक्टरकी सोडली नाही. शार्ल निकोल रुग्णालयात त्यांनी दिवसाचे उपचार केंद्र उभारले. पेशंट सकाळी येत, संध्याकाळी आपल्या घरी जात. माणसाला त्याच्या घरापासून, नात्यांपासून, कामापासून तोडून कोंडून ठेवले की आजार वाढतो, हे त्यांनी ओळखले होते.

रक्ताचा कर्करोग झाल्याचे कळल्यावर, १९६१ साली काही महिन्यांत त्यांनी 'द रेचेड ऑफ द अर्थ' हे शेवटचे पुस्तक सांगून लिहून घेतले. ते प्रसिद्ध झाले आणि थोड्याच दिवसांत ते गेले. ५ जुलै १९६२ चे अल्जेरियाचे स्वातंत्र्य त्यांना पाहता आले नाही.

या पुस्तकात गुलामांनी हाती घेतलेल्या हिंसेचे समर्थन आहे. आमचा मार्ग बुद्धाचा आणि संविधानाचा आहे, त्यामुळे तिथे आम्ही त्यांच्याबरोबर नाही. पण त्याच पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात त्यांनी पेशंटच्या नोंदी दिल्या आहेत. लढ्यासाठी बॉम्ब ठेवलेला एक कार्यकर्ता स्वातंत्र्यानंतरही दरवर्षी त्या तारखेच्या सुमारास झोप गमावून बसतो, जीव द्यावासा वाटतो. हिंसा करणाऱ्यालाही सोडत नाही, याची साक्ष खुद्द त्यांच्याच लेखणीने दिली आहे.

आपण काय घ्यायचे

पहिली गोष्ट. वसतिगृहात, कॉलेजात, ऑफिसात जातीवरून झालेल्या अपमानाने मन खचले असेल, तर तो तुमचा कमकुवतपणा समजू नका. जखम आहे आणि ती करणारे बाहेर आहेत.

दुसरी गोष्ट. कारण बाहेर आहे म्हणून उपचार टाळू नका. व्यवस्था बदलेपर्यंत दुखणे अंगावर काढायचे, असे फॅनन यांनी कुठल्याही पेशंटला सांगितले नाही. कार्यकर्ता झोपेविना, रागाने जळत राहिला की तो राग आधी घरच्यांवर निघतो. समतेच्या गप्पा बाहेर आणि घरात बायकोवर, बहिणीवर आरडाओरडा, हे चित्र आपल्या वस्त्यांतही आहे. मन सांभाळणे हेही चळवळीचे काम आहे.

तिसरी गोष्ट समाजातल्या समुपदेशकांसाठी. पेशंट जातीविषयी बोलला तर विषय बदलू नका. गप्प राहिला तर आपली भाषा, आपली खोली, आपले प्रश्न तपासा. ब्लिडामध्ये फॅनन यांनी तेच केले आणि माणसे बोलू लागली.

आमची विनंती एवढीच. विहारात अभ्यासवर्ग, वाचनालये चालतात, तसा आठवड्यातून एक तास मन मोकळे करण्यासाठी ठेवा. ऐकणारा माणूस प्रशिक्षित असेल तर उत्तम. ज्याला जगणे असह्य झाले आहे त्याला एकटे सोडू नका, त्याच्यासोबत डॉक्टरकडे जा. सरकारच्या टेली मानस हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६ आहे, तिथे मोफत आणि मराठीतही बोलता येते. हा क्रमांक आजच आपल्या विहाराच्या फलकावर लिहून टाका.

जय भीम! नमो बुद्धाय!