डॉक्टरकडे ठेवायला दिलेल्या गठ्ठ्यांत तिचं अख्खं आयुष्य होतं : शार्लोट सालोमनची गोष्ट

दुसरं महायुद्ध ऐन भरात होतं. फ्रान्सच्या दक्षिणेला, भूमध्य समुद्राच्या काठावर विलफ्रांश नावाचं एक छोटं गाव आहे. तिथले डॉक्टर जॉर्ज मोरिदिस यांच्याकडे पंचविशीतली एक जर्मन ज्यू मुलगी आली. तिला औषध नको होतं. तिच्याकडे कागदांचे गठ्ठे होते आणि ते नीट सांभाळा, एवढंच तिचं मागणं होतं. यात माझं सगळं आयुष्य आहे, अशा अर्थाचं काहीतरी ती म्हणाल्याचं सांगितलं जातं.

डॉक्टरांनी गठ्ठे सांभाळले. ती मात्र ते न्यायला कधीच परत आली नाही.

त्या मुलीचं नाव शार्लोट सालोमन आणि त्या गठ्ठ्यांमध्ये होती तिने रंगवलेली शेकडो चित्रं. ती क्रमाने लावली की एका घराची, एका देशाची आणि एका मुलीची खरी गोष्ट उलगडत जाते.

आज खऱ्या आयुष्यावरच्या कॉमिक्सचं आपल्याला अप्रूप वाटत नाही. आर्ट स्पीगेलमनच्या ‘माउस’ला १९९२ मध्ये पुलित्झर मिळालं. मर्जान सत्रापीचं ‘पर्सेपोलिस’ जगभर वाचलं गेलं. पण ग्राफिक नॉव्हेल हा शब्दही कुणाच्या तोंडी नव्हता, तेव्हा शार्लोटने चित्रं आणि शब्द एकत्र करून स्वतःचं आयुष्य मांडलं होतं. म्हणूनच अनेक अभ्यासक तिला या प्रकाराच्या आद्य कलाकारांमध्ये धरतात.

पण तिने हे केलं कशासाठी? त्यासाठी बर्लिनला जावं लागेल.

खिडकीत येणाऱ्या पत्राची वाट

शार्लोटचा जन्म १६ एप्रिल १९१७ चा, बर्लिनमधल्या सुखवस्तू ज्यू घरातला. वडील अल्बर्ट सालोमन हे नावाजलेले सर्जन होते. स्तनाच्या कर्करोगाच्या निदानासाठी आज मॅमोग्राफी केली जाते, तिचा पाया घालणारं संशोधन त्यांनी १९१३ मध्ये केलं होतं. शस्त्रक्रियेत काढलेल्या सुमारे ३००० स्तनांच्या नमुन्यांचे एक्स-रे काढून त्यांनी गाठींचा अभ्यास केला होता.

आई फ्रान्झिस्का. तिच्या धाकट्या बहिणीचं नावही शार्लोट होतं. त्या बहिणीने १९१३ मध्ये, ऐन तारुण्यात, तळ्यात जीव दिला. तिचंच नाव पुढे या मुलीला ठेवण्यात आलं.

आई सतत उदास असायची. लेकीला कुशीत घेऊन ती स्वर्गाच्या गोष्टी सांगायची. मी देवदूत झाले की तुझ्या खिडकीत पत्र ठेवून जाईन, असं वचन तिने दिल्याचा प्रसंग शार्लोटने नंतर चित्रांमध्ये रंगवला. १९२६ मध्ये आई गेली. शार्लोट तेव्हा आठ वर्षांची होती. फ्लूने गेली, असं तिला सांगण्यात आलं. ती पत्राची वाट बघत राहिली आणि पत्र काही आलं नाही.

आईनेही आत्महत्या केली होती. पण हे घरातल्या कुणीच तिला सांगितलं नाही आणि पुढची १४ वर्षं तिला ते कळलं नाही.

नवी आई, गाणं आणि १९३३

१९३० मध्ये वडिलांनी दुसरं लग्न केलं. नवी आई पाउला लिंडबर्ग ही त्या काळातली नामांकित गायिका होती. शार्लोटला ती फार आवडायची. घरात गाणं आलं, कलाकारांची ये-जा सुरू झाली.

पण जानेवारी १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि चक्रं उलटी फिरली. वडिलांना विद्यापीठातली जागा सोडावी लागली. पाउलाला फक्त ज्यू श्रोत्यांसमोर गायची मुभा उरली. शार्लोटनेही शाळा सोडली. आईचे आईवडील तर जर्मनी सोडून निघाले आणि पुढे फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर स्थिरावले. विलफ्रांशमध्ये ऑटिली मूर या श्रीमंत अमेरिकन बाईंनी त्यांना आपल्या बंगल्यात आसरा दिला.

अशा काळात शार्लोटला बर्लिनच्या कला अकादमीत प्रवेश मिळाला. तिथे ज्यू विद्यार्थ्यांसाठी जेमतेम दीड टक्का जागा होत्या. वडील पहिल्या महायुद्धात जर्मनीच्या बाजूने होते, हे तिच्या उपयोगी पडलं. शिवाय ही मुलगी इतकी अबोल आहे की तिच्यापासून आर्य मुलांना काही धोका नाही, अशी नोंद प्रवेश समितीच्या कागदपत्रांत सापडते. थोडक्यात काय, तर ती कुणाच्या नजरेत भरणार नाही म्हणून तिला आत घेतलं गेलं.

पुढे एका स्पर्धेत तिचं चित्र पहिलं आलं. मात्र ज्यू मुलीला बक्षीस कसं द्यायचं, असा प्रश्न उभा राहिला आणि बक्षीस दुसऱ्याच मुलीला गेलं. त्यानंतर शार्लोटने अकादमी सोडली.

याच दरम्यान पाउलाला गाण्याचं मार्गदर्शन करायला आल्फ्रेड वुल्फसोन हा शिक्षक घरी यायचा. पहिल्या महायुद्धात मरणाच्या दारातून परतलेला हा माणूस. खंदकातल्या जखमींच्या किंकाळ्या त्याच्या कानातून जात नव्हत्या. माणसाच्या आवाजातच त्याच्या दुखण्याचा इलाज आहे, असं त्याचं मत होतं. शार्लोटच्या चित्रांना गांभीर्याने घेणारा तो पहिला माणूस ठरला. ती त्याच्या प्रेमात पडली.

सुटकेस घेऊन निघाली ती कायमचीच

९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री जर्मनीभर ज्यूंची दुकानं फोडली गेली, सिनेगॉग जाळले गेले. हजारो ज्यू पुरुषांना उचललं. अल्बर्ट सालोमन यांची रवानगी झाक्सनहाउझनच्या छळछावणीत झाली. पाउलाने धडपड करून त्यांना सोडवलं, पण आता जर्मनीत राहणं शक्य नाही हे सगळ्यांना कळून चुकलं.

१९३९ च्या सुरुवातीला शार्लोटला आजी-आजोबांकडे फ्रान्सला पाठवण्यात आलं. आजीला भेटायला चालली आहे, असं दाखवून. सामान फार नेता येणार नव्हतं. वडील आणि पाउला मागाहून निघाले आणि ॲमस्टरडॅमला पोहोचले. शार्लोटची आणि त्यांची पुन्हा भेट झाली नाही.

फ्रान्समध्ये समुद्र होता, ऊन होतं, बंगल्याभोवती बाग होती. पण सप्टेंबरमध्ये युद्ध सुरू झालं आणि आजीचा धीर सुटला. तिने जीव द्यायचा प्रयत्न केला. शार्लोट रात्रंदिवस तिच्या उशाशी बसायला लागली.

त्याच काळात आजोबांनी, तेही संतापाच्या भरात, ते गुपित फोडलं. मावशी बुडाली ती अपघाताने नव्हे. आई फ्लूने गेली नाही. आजीच्या नात्यातल्या आणखीही माणसांनी असंच स्वतःला संपवलं होतं.

मार्च १९४० मध्ये आजीनेही खिडकीतून उडी घेतली. शार्लोट तेव्हा २२ वर्षांची होती. आई गेली, मावशी गेली, डोळ्यांदेखत आजी गेली. आता आपलीही पाळी आहे का, हा प्रश्न तिच्यासमोर उभा राहिला.

त्यातच मे महिन्यात जर्मनीने फ्रान्सवर हल्ला केला. फ्रान्सने आपल्याकडच्या जर्मन नागरिकांना शत्रू ठरवून छावण्यांत कोंडलं. हिटलरच्या भीतीने पळून आलेले ज्यूही त्यात आले. शार्लोट आणि आजोबांना पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी गुर्स छावणीत नेण्यात आलं. आजोबा म्हातारे आणि आजारी असल्यामुळे काही आठवड्यांत दोघांची सुटका झाली. ती परतली तेव्हा पार खचलेली होती.

डॉक्टरांनी सांगितलं, चित्रं काढ

डॉक्टर मोरिदिस यांनी तिला पुन्हा चित्रं काढायचा सल्ला दिला. तिने तो मनावर घेतला. एक तर जीव द्यायचा, नाहीतर काहीतरी वेडंवाकडं, आजवर कुणी न केलेलं करायचं, असे दोनच रस्ते तिला दिसत होते. तिने दुसरा निवडला.

जवळच्या सेंट-जाँ-काप-फेराच्या एका हॉटेलात तिने खोली घेतली आणि १९४१-४२ च्या सुमारास स्वतःला तिथे जवळपास कोंडून घेतलं. हॉटेलच्या मालकीणबाईंना पुढे आठवत होतं ते एवढंच, की ही मुलगी चित्रं काढताना सतत काहीतरी गुणगुणायची.

दीड-दोन वर्षांत तिने १३०० हून जास्त चित्रं काढली. त्यातली ७६९ निवडून त्यांना क्रमांक दिले. नाव ठेवलं ‘आयुष्य? की नाटक?’.

हे काम नेमकं कसं आहे?

रंग फक्त तीन आणि जोडीला पांढरा. लाल, निळा, पिवळा मिसळून तिने बाकी सगळ्या छटा तयार केल्या. कागद साधारण मोठ्या वहीच्या पानाएवढे. सुरुवातीच्या चित्रांवर पारदर्शक कागद ठेवून त्यावर तिने संवाद आणि निवेदन लिहिलं. पुढे शब्द थेट चित्रावरच आले. एकाच पानावर एकच व्यक्ती अनेकदा दिसते, म्हणजे प्रसंग पुढे सरकतोय हे नुसत्या नजरेला कळतं. पहिल्याच प्रसंगात मावशी रात्री घरातून निघते आणि तळ्याकडे चालत जाते, ते असंच दाखवलं आहे. कॉमिक्समध्ये चौकटी जे काम करतात, ते शार्लोटने चौकटी न आखता केलं.

यात संगीतही आहे. कुठल्या प्रसंगाला कुठली चाल, हे तिने नोंदवून ठेवलं आहे. बाख, बिझे, जर्मन लोकगीतं असं सगळं त्यात येतं. आपल्याकडच्या संगीत नाटकाशी नातं सांगणारा जर्मनीतला जो प्रकार आहे, त्याचंच नाव तिने या कामाला दिलं. पात्रांची नावं मात्र बदललेली आणि थोडी खट्याळ. पाउलाची झाली पाउलिंका बिमबाम, वुल्फसोनचा झाला आमाडेउस डाबरलोन आणि ती स्वतः शार्लोट कान.

म्हणजे विषय इतका जड असूनही ती स्वतःवर आणि घरच्यांवर हसते. अख्खी पानं भरून डाबरलोनचा चेहरा पुन्हा पुन्हा काढते आणि खाली त्याची न संपणारी व्याख्यानं लिहिते. नाझींच्या मिरवणुका, बंद होणारी दारं, स्टेशनवरचा निरोप, सगळं त्यात आहे. शेवटाकडे ब्रश घाईने फिरतो आणि चित्रांपेक्षा अक्षरंच जास्त दिसतात. वेळ कमी आहे, हे तिला कळलं असावं.

सगळं खरंच घडलं होतं का?

नावातलं प्रश्नचिन्ह इथे महत्त्वाचं ठरतं.

वुल्फसोनवरचं प्रेम या कामात भरभरून आलं आहे. पण असं काही घडलंच नव्हतं, ते शार्लोटच्या कल्पनेतलं होतं, असं पाउला शेवटपर्यंत सांगत राहिली.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर. आजोबांबरोबर राहणं शार्लोटला असह्य झालं होतं, हे चित्रांतून स्पष्ट दिसतं. फेब्रुवारी १९४३ मध्ये आजोबा वारले. त्या सुमारास तिने डाबरलोनला उद्देशून ब्रशने रंगवलेलं एक लांबलचक पत्र लिहिलं. आपण ऑम्लेटमधून आजोबांना विष दिलं, असं त्यात लिहिलेलं आहे. ही पानं घरच्यांनी अनेक वर्षं बाहेर येऊ दिली नाहीत. २०१५ मध्ये पत्र पूर्ण छापलं गेलं आणि अभ्यासकांमध्ये दोन तट पडले. काहींना ही कबुली वाटते, तर काहींना नाटकाचाच शेवटचा अंक.

खऱ्या आयुष्यावरचं प्रत्येक कॉमिक या प्रश्नापाशी येऊन थांबतं. सांगणारा जे आठवतो ते घडलेलं असतं, की त्याला जगता यावं म्हणून त्याने रचलेलं असतं? शार्लोटने उत्तर दिलं नाही. तिने तो प्रश्नच मुखपृष्ठावर लिहिला.

आणि गठ्ठे घरी पोहोचले

जून १९४३ मध्ये शार्लोटने अलेक्झांडर नागलर या ऑस्ट्रियन निर्वासिताशी लग्न केलं. तोवर नीसचा परिसर इटलीच्या ताब्यात होता आणि तिथे ज्यू तुलनेने सुरक्षित होते. सप्टेंबरमध्ये इटलीने शरणागती पत्करली आणि जर्मन फौजा आत आल्या. ज्यूंना हुडकून काढायचं काम आलोइस ब्रुनर या क्रूर एसएस अधिकाऱ्याकडे होतं.

सप्टेंबरच्या अखेरीस दोघांना पकडलं. पॅरिसजवळच्या द्रान्सी छावणीतून ७ ऑक्टोबरला त्यांची गाडी निघाली आणि १० तारखेला ऑशविट्झला पोहोचली. शार्लोट पाच महिन्यांची गरोदर होती. पोहोचताच तिला मारण्यात आलं असावं, असं मानलं जातं. ती २६ वर्षांची होती. काही महिन्यांतच नागलरही गेला.

डॉक्टर मोरिदिस यांनी गठ्ठे जपले आणि युद्ध संपल्यावर परतलेल्या ऑटिली मूर यांच्याकडे दिले. शार्लोटने हे काम त्यांनाच अर्पण केलं होतं. १९४७ मध्ये अल्बर्ट आणि पाउला मुलीचा माग काढत विलफ्रांशला आले. हॉलंडमधल्या छावणीतून निसटून, लपून राहून ते दोघं वाचले होते. तिथे त्यांच्या हाती मुलीऐवजी ही चित्रं आली. ज्या बापाने आईच्या मरणाचं खरं कारण तिच्यापासून लपवलं होतं, त्याच्यासमोर आता तेच मरण पानापानांवर रंगवलेलं होतं.

१९६१ मध्ये ॲमस्टरडॅमच्या फोडोर संग्रहालयात त्यातली चित्रं पहिल्यांदा लोकांसमोर मांडली गेली. १९७१ मध्ये आईवडिलांनी सगळं काम त्याच शहरातल्या ज्यू ऐतिहासिक संग्रहालयाला देऊन टाकलं. आजही ते तिथेच आहे. तिच्यावर पुस्तकं आली, ऑपेरा आला, २०२१ मध्ये ॲनिमेशनपटही आला.

या सगळ्या कामातलं शेवटचं चित्र सगळ्यात जास्त ओळखलं जातं. समुद्राकडे तोंड करून एक मुलगी बसली आहे. आपल्याला तिची फक्त पाठ दिसते. हातात ब्रश आहे, समोरचा कागद पारदर्शक आहे आणि त्यातून निळं पाणी दिसतंय. तिच्या पाठीवर शब्द रंगवले आहेत, आयुष्य की नाटक. या वेळी मात्र त्यांच्यापुढे प्रश्नचिन्ह नाही.