दुखणं ऐकणारी सिस्टर

वरणगाव-भुसावळकडची किती तरी माणसं कॅन्सरच्या उपचारासाठी मुंबईची गाडी पकडतात. टाटा हॉस्पिटलचं नाव घराघरात माहीत आहे. ऑपरेशन कधी, खर्च किती, हे सगळे विचारतात. दुखलं तर काय करायचं, हे विचारायचं मात्र राहून जातं. हाच प्रश्न आयुष्यभर लावून धरणारी एक बाई होती. सिसिली सॉन्डर्स तिचं नाव.

तिचा जन्म २२ जून १९१८ चा, लंडनजवळच्या बार्नेटमधला. घरची परिस्थिती उत्तम. १९३८ मध्ये ती ऑक्सफर्डला शिकायला गेली. तेवढ्यात दुसरं महायुद्ध पेटलं. नुसती पुस्तकं वाचत बसणं तिला पटेना. शिक्षण अर्धवट सोडून तिने लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमधल्या नाइटिंगेल स्कूलमध्ये नर्सिंगला प्रवेश घेतला. काम मनासारखं मिळालं, पण पाठीने दगा दिला. पेशंटला उचलणं-वळवणं जमेना. नर्सिंग सुटलं, हॉस्पिटलची ओढ मात्र सुटली नाही. पुढे ती तिथेच समाजसेविका झाली.

त्या कामात तिला डेव्हिड टास्मा भेटला. पोलंडहून आलेला ज्यू निर्वासित, हॉटेलात वेटर, वय चाळीसच्या आसपास आणि कॅन्सर शेवटच्या टप्प्यात. जवळचं कुणी नाही. अशा माणसांना वेदनेशिवाय राहता येईल अशी जागा हवी, यावर दोघं तासन्‌तास बोलत. १९४८ मध्ये तो गेला. जाताना तिच्या स्वप्नातल्या घराच्या खिडकीसाठी त्याने ५०० पौंड ठेवले.

संध्याकाळी सिसिली सेंट ल्यूक्स या संस्थेत स्वयंसेवक नर्स म्हणून जायची. तिथे तिला एक साधी गोष्ट दिसली. इतर ठिकाणी पेशंट कळवळून मागेल तेव्हा मॉर्फिन मिळायचं, तेही सवय लागेल या भीतीने हात राखून. इथल्या सिस्टर मात्र दुखणं डोकं वर काढण्याआधीच, ठरल्या वेळी डोस द्यायच्या. पेशंट शांत असत, बोलत, जेवत.

हे डॉक्टरांना सांगितलं तर एका नर्सचं ऐकणार कोण? एका सर्जनने तिला सल्ला दिला, आधी स्वतः डॉक्टर हो. वयाच्या तेहतिसाव्या वर्षी ती मेडिकलला बसली आणि १९५७ मध्ये डॉक्टर झाली. मग सेंट जोसेफ्स हॉस्पिसमध्ये तिने शेकडो पेशंटच्या नोंदी ठेवल्या. वेळेवर औषध दिलं तर वेदना आटोक्यात राहते, हे तिने दाखवून दिलं. वेदना फक्त शरीराची नसते, तीत भीती, पैशाची चिंता, एकटेपणही असतं, हेही तिने मांडलं. १९६७ मध्ये तिचं सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडलं. टास्माच्या खिडकीसह, १९ वर्षांनी.

पुढे तिचा विचार जगभर पसरला. १९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कॅन्सरच्या वेदनेवर औषध घड्याळाप्रमाणे द्यावं, असं सांगितलं. त्याच वर्षी मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन सुरू झालं. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यामुळे मॉर्फिन मिळणं अवघड झालं होतं. २०१४ च्या दुरुस्तीने ती वाट थोडी मोकळी झाली.

सिसिलीने काम केलं ते शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटसाठी. पण दुखणं आधीच ओळखायचं, हे तत्त्व ऑपरेशननंतरच्या वॉर्डातही तितकंच खरं. तिथे डॉक्टर राउंडला येऊन जातात, चोवीस तास असते ती सिस्टर. शून्य ते दहामध्ये किती दुखतंय, हे ती विचारते, डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध देते, थोड्या वेळाने पुन्हा विचारते. उतार नसेल तर डॉक्टरांना कळवते. टाके दुखतात म्हणून पेशंटने खोल श्वास घेतला नाही, खोकला दाबला, तर छातीत कफ साठतो. चालणं लांबतं, बरं होणंही लांबतं.

१४ जुलै २००५ रोजी सिसिली कॅन्सरनेच गेली, तिने स्वतः उभ्या केलेल्या त्याच हॉस्पिसमध्ये. तुमच्यातले काही जण तेव्हा जन्मलेही नसतील. उद्या घरातल्या कुणासोबत हॉस्पिटलात रात्र काढायची वेळ आली, तर एवढं करा. आजी दात-ओठ खाऊन गप्प पडली असेल, तर तिला सहन कर म्हणू नका. दहापैकी किती, ते विचारा आणि तो आकडा सिस्टरला जाऊन सांगा.